मीठ बरोबर आहे का?



लहानपणी रमजानमध्ये आमच्या घरी चव घेण्याचे काम माझ्याकडे असे. मी सहा-सात वर्षांची होते, रोजा नसायचा. असरच्या नमाजनंतर अम्मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, डावातला थेंबभर रस्सा माझ्या तळहातावर टाकायची आणि विचारायची, "मीठ बरोबर आहे का गं?" मी मोठ्या गंभीरपणे मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर घरातल्या दहा माणसांची इफ्तारी अवलंबून असे. आणि खरे सांगायचे तर, खेळायला पळायची घाई असली की कधी कधी मी चव न घेताच "बरोबर आहे" म्हणून मोकळी व्हायचे.

ही आठवण यंदाच्या ईदला पुन्हा जागी झाली. शीरखुर्म्याची वाटी घेऊन माझा भाचा समोर बसला होता. तो पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. मी विचारले, "रमजानमध्ये तुमच्याकडे सगळ्यांचे रोजे. मग चव कोण घ्यायचं रे?" तो हसला. पिशवीतून एक मळकी, तेलाचे डाग पडलेली वही काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "खाला, ही घ्यायची."

या महिन्यात त्या वहीची गोष्ट सांगायची आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांची रोजी खाण्याच्या धंद्यावर चालते. कोणी बेकरीत आहे, कोणी बिर्याणीच्या देगीवर, कोणी मटणाच्या दुकानात, कोणी आखाती देशातल्या हॉटेलात. कितीतरी बहिणी घरून डबे देतात, समोसे-रोल करून पुरवतात. या सगळ्यांना आपले काम सुधारायचे असते. पण ते कसे, हे नीट सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. "अनुभवाने हात बसेल" एवढेच ऐकायला मिळते.

काल काय चुकलं?

गेल्या बकरीदला भाचा आला तेव्हा चेहरा पडलेला होता. नोकरीला आठ महिने झाले होते. कांदा-लसूण सोलणे, भाज्या कापणे, वाटण करणे, भात शिजवणे हे त्याचे काम. पगार होता तेवढाच. त्याच्यानंतर आलेल्या मुलाला तंदूरवर घेतले होते. "उस्ताद म्हणतात तुझा हात बसत नाही. कधी मीठ कमी, कधी भात चिकट. पण मी तर रोज तेरा-तेरा तास उभा असतो, खाला!"

घरात कमावणारा तो एकटाच. माझे मेहुणे दोन वर्षांपासून आजारपणामुळे घरी आहेत. धाकटी बहीण नर्सिंगला आहे, तिची फी याच पगारातून जाते. त्यामुळे "सोडून दे ती नोकरी" असे म्हणणे सोपे नव्हते.

मी शिक्षिका. सवयीने विचारले, "बरं, काल काय चुकलं ते सांग."

"काल? काल... ग्रेव्ही."

"ग्रेव्हीत काय?"

"करपली बहुतेक. नाही, ती परवा. काल मीठ..."

त्याला आठवेना. आठ महिन्यांत त्याने शेकडो वेळा भात शिजवला होता. पण कोणत्या दिवशी तो चांगला झाला आणि त्या दिवशी आपण वेगळे काय केले, यातले काहीच त्याच्यापाशी उरले नव्हते. कष्ट रोजचे होते, शिकणे मात्र होत नव्हते.

इथे मला माझीच लाज वाटली. शाळेत आम्हाला पाठाचे टाचण काढावे लागते. काय शिकवणार, कसे शिकवणार, हे आधी लिहायचे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी मागच्या वर्षीचेच टाचण नव्या वहीत उतरवून काढत होते. तपासणीला वही पूर्ण दिसे, सही मिळे. पण अपूर्णांक शिकवताना मुले दरवर्षी त्याच जागी अडत होती. मग एका वर्षी मी पाठ संपल्यावर समासात दोन ओळी लिहायला लागले: आज मुले कुठे अडली, उद्या काय बदलायचे. त्या दोन ओळींनी मला बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले.

कपाटातून शंभर पानी वही काढून मी भाच्याला दिली. त्यात चार रकाने आखले. आज काय केले. किती वजन, किती वेळ. काय चुकले. उद्या काय बदलणार. रात्री खोलीवर गेल्यावर दहा मिनिटे, बस्स.

पहिले दोन आठवडे तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता, "ठीक". दर जुम्याला मी फोन करायचे आणि विचारायचे, "ठीक म्हणजे किती?" तो वैतागायचा. हळूहळू मात्र "ठीक"च्या जागी आकडे यायला लागले.

वजनकाटा आणि मूठ

पहिला आकडा मिठाचा होता. हॉटेलात वजनकाटा होता, पण तो कोठीत, माल मोजून घ्यायला. ओट्यावर सगळा कारभार मुठीचा आणि डावाचा. भाच्याने धीर करून उस्तादांना विचारले, "तुमच्या मुठीतलं मीठ टाकण्याआधी एकदा काट्यावर ठेवाल का?" उस्ताद हसले, पण ठेवले. तीन दिवसांचे आकडे वहीत आहेत: ६२ ग्रॅम, ६० ग्रॅम, ६३ ग्रॅम. मग भाच्याने स्वतःची मूठ मोजली. एकदा ४४ भरली, एकदा ७१.

हा आकडा पाहून "हात बसणे" म्हणजे काय ते मला कळले. तीस वर्षांच्या उस्तादांची मूठ हाच एक काटा झालेला आहे. नवख्याची मूठ तशी नसते. ती तशी होईपर्यंत गिऱ्हाइकाने खारट-अळणी खात राहायचे का? तोवर खरा काटा वापरावा, मूठ आपोआप शिकते. चमच्यावरही विसंबू नये. बारीक मिठाचा चमचा आणि खडे मिठाचा चमचा यांचे वजन सारखे भरत नाही.

दुसरा आकडा कांद्याचा. पाच किलो कांदा सोलून-चिरून चार किलो तीनशे ग्रॅम राहिला. तो तळून बिरिस्ता केला तेव्हा हाती आला सव्वा किलो. कांदा तीस रुपये किलो धरला तर पाच किलोचे दीडशे रुपये झाले. म्हणजे तेल आणि गॅस न धरताच बिरिस्ता एकशे वीस रुपये किलो पडला. भाच्याने फोनवर सांगितले, "खाला, आम्ही परातीत उरलेला बिरिस्ता मुठी-मुठीने फेकून देत होतो." त्या दिवसापासून तो ऑर्डर बघून कांदा चिरायला लागला.

घरून डबे देणाऱ्या बहिणींनी हा हिशेब जरूर करून पाहावा. आपण बाजारभावाने खर्च धरतो. साले, हाडे, चरबी, शिजताना आटणारे पाणी हे सगळे वजा जाऊन हातात किती उरते, ते मोजत नाही. मग महिनाभर राबूनही पैसे का उरले नाहीत, याचे उत्तर सापडत नाही.

आठ किलो भात

आता वहीतले सर्वांत जड पान सांगते. ऑक्टोबरच्या उकाड्यातले आहे.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला भाच्याने आठ किलो तांदळाचा भात उकडला होता. दुपारी मोठी ऑर्डर होती, ती ऐनवेळी रद्द झाली. भात देगीत झाकलेला तसाच राहिला. कामाच्या गडबडीत तो फ्रिजमध्ये ठेवायचे भाचा विसरला. संध्याकाळी साडेसहाला झाकण उघडले तर आत भात अजून कोमट होता. वास चांगला, चव चांगली. उस्ताद त्या दिवशी सुटीवर होते. सोबतचा जुना कामगार म्हणाला, "कडक गरम कर, काही होत नाही."

भाच्याने वही पाहिली. वेळ लिहिलेली होती: साडेअकरा. सात तास झाले होते.

यामागचे शास्त्र प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत हवे. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात उकडताना ते सगळे मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास बदलत नाही, रंग बदलत नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. म्हणूनच अन्नसुरक्षेचा साधा नियम असा, की थंड ठेवायचे ते ५ अंशांच्या खाली आणि गरम ठेवायचे ते ६० अंशांच्या वर. मधल्या तापमानात अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. झाकलेल्या मोठ्या देगीच्या पोटात अन्न तासन्‌तास याच मधल्या तापमानात राहते. फ्रिजमध्ये देग तशीच ढकलली तरी आतला भाग लवकर थंड होत नाही. भात परातीत पातळ पसरायचा, वाफ जाऊ द्यायची आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा. रस्सा असेल तर उथळ भांड्यांत वाटून ठेवायचा.

हे सगळे भाच्याला थोडेफार माहीत होते. एफएसएसएआयच्या फॉस्टॅक नावाच्या प्रशिक्षणाला हॉटेलने त्याला एक दिवस पाठवले होते. पण माहीत असणे वेगळे आणि ओट्यापाशी उभे राहून "हा भात द्यायचा नाही" म्हणणे वेगळे. चूक त्याचीच होती. तो गप्प राहिला असता तर कदाचित कोणालाच कळले नसते. कदाचित कोणाला काही झालेही नसते. आणि कदाचित एखाद्या टेबलावरचे लहान मूल रात्री दवाखान्यात गेले असते.

त्याने उस्तादांना फोन लावला आणि सांगितले, "उस्ताद, माझ्याकडून चूक झाली. भात सात तास बाहेर राहिला."

उस्ताद क्षणभर थांबून म्हणाले, "फेक. नवा लाव. बाहेर सांग, बिर्याणीला अर्धा तास जास्त लागेल."

मालकांनी त्याच्या पगारातून आठशे ऐंशी रुपये कापले. मला ते योग्य वाटले नाही, आजही वाटत नाही. जो कामगार चूक स्वतः सांगतो त्याला दंड झाला, तर पुढच्या वेळी बाकीचे ती झाकून ठेवतील. त्या रात्री आपाचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, रडत फोन आला: "तूच त्याला वह्या लिहायला लावल्यास, आता नोकरी जाईल त्याची." मला उत्तर सुचले नाही. रात्रभर झोप आली नाही.

नोकरी गेली नाही. सुटीवरून आल्यावर उस्तादांनी तीन गोष्टी केल्या. भात पसरायला दोन मोठ्या पराती आणल्या. प्रत्येक भांड्यावर शिजवल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी लावायचा नियम केला. आणि त्या चिठ्ठ्या लावायचे काम भाच्याला दिले.

अंतराळातले जेवण आणि आपली चिठ्ठी

उस्तादांनी जे केले त्याला मोठ्या उद्योगात हॅसप म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेला अंतराळवीरांसाठी अन्न हवे होते. अवकाशात पोट बिघडून चालणार नव्हते. पिल्सबरी कंपनीच्या लोकांपुढे प्रश्न असा, की तयार पाकीट तपासायचे तर ते फोडावे लागते, आणि फोडलेले पाकीट खायला देता येत नाही. मग त्यांनी विचार उलटा केला. शेवटी चूक शोधत बसण्यापेक्षा चूक कुठे कुठे होऊ शकते ते आधी ठरवायचे, त्या जागांवर लक्ष ठेवायचे आणि नोंद करायची. आज जगभरचे अन्नउद्योग याच पद्धतीवर चालतात. देगीवरची वेळेची चिठ्ठी हा त्याच विचाराचा लहानसा भाग आहे.

आखातात जाऊ पाहणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. दुबईत खाद्यपदार्थांच्या प्रत्येक ठिकाणी अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र असलेली एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. फ्रिजचे तापमान, मालाची तारीख, शिजवल्याची वेळ यांच्या नोंदी हा तिथे रोजच्या कामाचाच भाग असतो. ज्याला लिहायची सवय आहे त्याला तिथे परके वाटत नाही.

हात, फडके आणि पाट

आपल्या घरांत स्वच्छतेची कमी नाही, असे आपण मानतो. वजूमुळे दिवसातून पाच वेळा हात धुतले जातात, हे खरे. पण वजूत साबण नसतो. कच्च्या चिकनला हात लावल्यावर नुसते पाणी पुरत नाही. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली चोळून, निदान वीस सेकंद हात धुवायला हवेत. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, त्यांच्याखाली साबण पोचत नाही.

भाच्याच्या वहीत एके ठिकाणी लिहिले आहे: "एकच फडके. ओटा, सुरी, हात, ताटाची कड." एकाच फडक्याने चार कामे होतात तेव्हा ते कच्च्या मटणाचे पाणी थेट गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत नेते. त्याने फडकी वेगळी केली. चिरायचे पाटही वेगळे हवेत. कच्च्या मांसाला लाल, माशांना निळा, कोशिंबीर-फळांना हिरवा, अशी पद्धत बऱ्याच हॉटेलांत असते. घरी रंगीत पाट नसले तरी मांसाचा पाट आणि सॅलडचा पाट एक नसावा. फ्रिजमध्ये शिजवलेले वर, कच्चे मांस सर्वांत खाली, म्हणजे वरचे पाणी गळून शिजवलेल्यात पडत नाही. आधी आलेला माल आधी वापरायचा, म्हणून नवा डबा नेहमी मागे ठेवायचा.

तेलाचीही एक मर्यादा आहे. तळून तळून तेलात जे अपायकारक घटक तयार होतात त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८पासून देशभर लागू आहे. मोजायचे यंत्र नसेल तर खुणा पाहाव्यात: तेल काळपट आणि चिकट होते, त्यावर फेस राहतो, लवकर धूर येतो. अशा तेलात नवे तेल ओतून ते "चालवणे" म्हणजे नवे तेलही वाया घालवणे.

पोट बिघडले असेल, हाताला चिघळलेली जखम असेल, तर अन्नाला हात लावू नये. हे सांगायला मुलांना भीती वाटते, कारण त्या दिवसाचा पगार जातो. पण अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असे अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांतच आहे. तशी तपासणी होत नसेल तर ती मागून घ्यावी.

पावले मोजा

वेळ कुठे जातो, हे भाच्याला पावले मोजल्यावर कळले. आले-लसणाचे वाटण फ्रिजमध्ये, फ्रिज ओट्यापासून चौदा पावलांवर, आणि ऐन गर्दीत तो तिथे वीस-वीस वेळा जात होता. आता तो अर्धा तास आधी येतो. लागणारी प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर मांडतो. नासणारे थोडे थोडे आणून बर्फावर ठेवतो. गर्दी सुरू झाली की त्याला जागा सोडावी लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाच्या अभियंता बाईंनी हाच अभ्यास केला होता. बारा लेकरांची आई, १९२४ साली पती वारलेले. कामगार किती हालचाली वाया घालवतो हे मोजण्यात ती निष्णात होती. पुढे तिने स्वयंपाकघरात बाई किती पावले चालते ते मोजून ओटा, चूल आणि फ्रिज यांची मांडणी सुधारली. पायाने उघडणारी कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे तिच्याच नावावर सांगितले जातात. बहिणींनो, एक दिवस आपल्याही स्वयंपाकघरात पावले मोजून पाहा. मिठाची बरणी चुलीपासून किती लांब आहे?

विचारायचे कसे

उस्ताद शिकवत नाहीत, अशी बऱ्याच मुलांची तक्रार असते. काही उस्ताद खरेच हातचे राखून ठेवतात. पण पुष्कळदा आपला प्रश्नच चुकतो. "कसं झालंय?" विचारले की "ठीक" हेच उत्तर येते. भाचा आता विचारतो, "उस्ताद, आज भात दोन मिनिटं आधी उतरवला. कालच्यापेक्षा बरा आहे का?" अशा प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. दिवसाला एकच प्रश्न विचारायचा, तोही गर्दी ओसरल्यावर आणि चार लोकांसमोर नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्वतःचे काम सुधारणे म्हणजे सगळे मुकाट सोसणे नव्हे. तेरा तास उभ्या राहिलेल्या माणसाचा हात चुकतो तेव्हा दोष एकट्या हाताचा नसतो. आठवड्याची सुटी, जादा तासांचा मोबदला, बसायला जागा, धुवायला साबण आणि पाणी ही मालकाची जबाबदारी आहे. शिव्या देऊन कोणी चांगला बावर्ची घडवलेला मी पाहिला नाही. छड्या मारून गणित शिकवलेलेही पाहिले नाही.

उस्तादांचा काटा

रमजान आला. भटारखान्यात दहापैकी नऊ जणांचे रोजे. दुपारपासून इफ्तारीच्या ऑर्डरी सुरू होत, आणि चव घेणार कोणी नाही. इतर वर्षी उस्ताद अंदाजाने चालवत. या वर्षी पहिल्याच दिवशी त्यांनी भाच्याला हाक मारली, "अरे, तुझी वही आण." मटणाला किती मीठ, भाताच्या पाण्याला किती, दालच्यात चिंच किती, सगळे त्यात वजनाने लिहिलेले होते. महिनाभर ते काट्यावर तोलून घातले गेले. मीठ कमी-जास्त झाल्याची तक्रार दोनदाच आली, असे भाचा सांगतो. त्या दोन्ही तारखा वहीत आहेत, कारणासकट. एकदा मटण वजनाला कमी आले होते आणि मीठ नेहमीइतकेच पडले. दुसऱ्या दिवशी तो घाईत तोलायचे विसरला.

ईदनंतर त्याला हंडीच्या विभागात घेतले आहे. पगार थोडा वाढला आहे. फार नाही, पण बहिणीची फी आता उसनवारी न करता निघते.

वही परत देताना मी त्याला विचारले, "शाळेत तू माझ्या वर्गात होतास. मी तेव्हा काय म्हणायचे, आठवतं?"

तो खाली बघून हसला. "आठवतं ना. अभ्यास केला नाही तर हॉटेलात भांडी घासावी लागतील."

हे वाक्य मी किती वर्षे, किती वर्गांत म्हटले असेन. त्या बाकांवर ज्यांचे अब्बा हॉटेलात, बेकरीत, देगीवर काम करत होते अशी मुले बसलेली होती. त्यांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. माझ्या टाचणाच्या समासात ही चूक कधी लिहिली गेली नाही, म्हणून ती सुधारलीही नाही. आता ते वाक्य मी म्हणत नाही.

या महिन्याचा गृहपाठ

घरात जो कोणी खाण्याच्या धंद्यात आहे त्याला एक वही द्या. नवी नसली तरी चालेल, मुलांच्या मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पाने चालतील. काय केले, किती वजन-वेळ, काय चुकले, उद्या काय बदलणार, असे चार रकाने आखा. आठवडाभर रोज दहा मिनिटे लिहायला सांगा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी घरातल्या मुलाने लिहावे. त्यात अब्बांचे काम सुधारेल, आणि अब्बा दिवसभर काय करतात ते मुलालाही कळेल.

एवढे करून आठवड्याच्या शेवटी एकच गोष्ट बदला. दोन नाही, एकच.

आणि तिसरा रकाना कोणालाही कोरा सोडू देऊ नका. तिथे "ठीक" लिहिलेले दिसले तर माझ्यासारखे विचारा, "ठीक म्हणजे किती?" चव न घेताच मान हलवणारी मुलगी मी होते, म्हणून सांगते.

खुदा हाफिज.